मळखाऊ नको

टेलरमास्तरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरला, आकडा वहीत टिपला आणि विचारलं,

"रंग कोणता घेऊ, सिस्टर?"

"करडा. नाहीतर तपकिरी. मळखाऊ असला म्हणजे झालं."

त्यांना सगळेच सिस्टर म्हणत. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात पांढऱ्या गणवेशात काढल्यावर, बावन्नाव्या वर्षी त्यांना नर्सिंगच्या शाळेत शिकवायला बढती मिळाली होती. तिथे गणवेश नव्हता. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि कपाटात गणवेशाचे सहा जोड सोडले तर घरात घालायचे गाऊन तेवढे होते. रक्ताच्या थारोळ्यापुढे कधी न डगमगलेली बाई कापडाच्या ताग्यांपुढे घामाघूम झाली होती.

सोबत आलेल्या सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला.

"मास्तर, तिचं ऐकू नका. गडद हिरवा दाखवा."

"आई, हिरवा? या वयात?"

"मग कुठल्या वयात? बाजारात आलो की त्या कोपऱ्यावरच्या दुकानापुढे तुझा पाय अडतो. काचेतल्या हिरव्यापाशी. आणि लगेच म्हणतेस, चला, भाजी राहिली. किती वर्षं बघतेय मी."

हिरव्या ताग्याच्या काठावरून सिस्टरचं बोट नुसतं फिरत राहिलं.

मास्तरांना हुरूप आला. हिरवं जॅकेट, सरळ पँट, सायीच्या रंगाचे दोन शर्ट.

"बाहेरून एकदम टापटीप," ते म्हणाले, "पण आतून थोडी गंमत करू का?"

अस्तरासाठी त्यांनी नारिंगी मासे छापलेलं कापड पसरलं. सिस्टरना हसू फुटलं.

"अहो, मुली काय म्हणतील?"

"कुणाला दाखवायचं, ते तुमच्या हातात आहे की."

सोमवारी वर्गात कडक इस्त्रीतल्या वीस मुली होत्या. रबरी उशीवर इंजेक्शन द्यायचा सराव चालला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातून सुई दोनदा खाली पडली. तिचे डोळे भरून आले. वॉर्डात असत्या तर सिस्टर कडाडल्या असत्या. इथे त्यांनी फक्त जॅकेटची बाही दुमडली आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मुलगी सुईऐवजी बाहीकडेच बघत राहिली.

"मॅडम... मासे?"

"हो, मासेच. आत खूप आहेत. आता श्वास घे आणि सुई धर."

वर्ग खळखळून हसला. मुलगीही हसली. तिसऱ्या वेळी सुई नीट गेली.

संध्याकाळी सिस्टर घरी आल्या तेव्हा सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. जॅकेट न काढताच सिस्टर त्यांच्याजवळ टेकल्या आणि एक शेंग उचलली.

"कसं झालं गं?"

"छान झालं." त्यांनी शेंग बोटांत फिरवली. "आई, तुम्ही माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होतात, मला कधी कळलंच नाही."

"तू ड्यूटीवरून यायचीस ती पार गळून. तुला कुठला वेळ? मला होता."

सासूबाई पुन्हा शेंगांकडे वळल्या. सिस्टरच्या हातातली शेंग तशीच राहिली. सासूबाईंच्या कानामागे एक लहानसा तीळ होता. इतक्या वर्षांत सिस्टरनी तो आज पहिल्यांदा पाहिला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "बघतेय."