केरबाच्या हाताचा एक्स-रे

लातूर जिल्हा नवा झाला, पण तालुक्याच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र अजून खोक्यातच होतं. म्हणून केरबाचं प्रेत ताडपत्रीत बांधून टेम्पोनं नांदेडला आणलं. नाकाला पदर लावून पंचशीला मागं बसली होती. केरबा तिचा थोरला भाऊ. त्याला मारल्याच्या संशयावरून कोठडीत बसलेला साहेबराव तिचा नवरा.

दुष्काळात दोघं मिळून लोकांच्या विहिरी खोल करत. सुरुंग लावायचा, दगड उपसायचा. आठवड्यापूर्वी केरबा नाहीसा झाला आणि काल वासावरून विहिरीच्या तळाशी, ढासळलेल्या दगडांखाली सापडला. कवटी फुटलेली, उजव्या हाताला बोटं नाहीत. बोटं उंदरांनी खाल्ली, डोकं पहारेनं फोडलं, असं जमादार नरसिंगनं ठरवूनही टाकलं होतं.

"आदल्या दिशी भांडण झालं का न्हाई, बाई? 'मरशील एक दिवस' कोण म्हणलं?"

"हेच म्हणले," पंचशीला म्हणाली. तिला एका जागी बसवेना. ती व्हरांड्यात येरझारा घालत राहिली.

आत शवविच्छेदनाच्या टेबलापाशी डॉ. वीरण्णांनी सुरी बाजूला ठेवली. "एवढं कुजल्यावर जखम डोळ्यांना कळत नाही. आधी हाडांना विचारू."

"हाडं बोलतात व्हय, साहेब?" जमादारानं विचारलं.

"बोलतात. तुमच्यापेक्षा कमी."

ओली फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि पंचशीलाला जवळ बोलावलं. "ताई, हे मनगट. हे पांढरे ठिपके बघा. हाड नाही, धातू आहे. छातीत आहेत, जबड्यात आहेत. पाठीत एकही नाही. उंदीर धातू ठेवून जात नाहीत."

मग चिमट्यानं त्यांनी एक तुकडा काढला. तांब्याचा, नखाएवढा. पंचशीलानं लगेच ओळखला.

"सुरुंगाची टोपी हाय ही, आधी हीच फुटती अन् मग दारू. दादा न फुटलेला सुरुंग कोरायचा, दारू वाया जाऊ नये म्हणून. त्यावरूनच भांडण. 'कोरू नको, मरशील एक दिवस.'"

"मग आवाज कुणी ऐकला कसा न्हाई?" जमादारानं विचारलं.

"दर शिवारात सुरुंग वाजायलेत, साहेब," पंचशीला म्हणाली. " कुणाचा कोणता, कोण ओळखणार?"

डॉक्टरांनी मान हलवली. "सुरुंग हातातच फुटला. वरून दगड आले."

दुसऱ्या दिवशी ती कोठडीपाशी गेली. साहेबरावनं आधी सुटकेचं विचारलंच नाही.

"केरबाचा जीव जायला लई वेळ लागला का गं?"

"न्हाई. लगेच गेला."

तो खाली बसला.

"तुला वाटलं व्हतं का, मीच?"

"वाटलं व्हतं," ती म्हणाली. "टेम्पोत बसले तवा लई वाटलं."

साहेबरावनं तिनं आणलेली भाकरी गजांतून आत घेतली, मोडली आणि अर्धी तिला परत दिली.