कुणीच न टाकलेला पत्ता

मी प्रश्नचिन्ह बोलतोय. तीन पत्तीतला पत्ता समजून मला हातात घेतलंत तर तुमची निराशा होईल. मी कामाचा पत्ता आहे, आणि मला कामाला लावायला कुणी तयार नाही, हीच माझी तक्रार आहे. ती ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म छत्तीसगडातल्या दुर्गच्या एका छापखान्यात झाला. तिथे लग्नपत्रिका छापतात. पत्रिकांचा जाड कागद उरला होता, त्यावरच आमचे संच छापले. म्हणून माझ्या एका कडेला अजून सोनेरी रेघ आहे. आमच्या संचात एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे आकडे आणि सगळ्यात शेवटी मी. रबर लावून आम्हाला भिलाईच्या एका प्रशिक्षण वर्गात पाठवलं. सॉफ्टवेअर बनवणारी टीम कशी चालवायची, हे तिथे चार शनिवार शिकवणार होते. अजाइल म्हणतात त्या पद्धतीला. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा, चुकलं तर लगेच सुधारायचं.

वर्ग घेणाऱ्या कौशल्या मॅडमनी आमचा उपयोग समजावून सांगितला. कामाचा तुकडा समोर आला की प्रत्येकाने आपला आकडा पालथा ठेवायचा. सोपं काम असेल तर लहान, अवघड असेल तर मोठा. मग सगळ्यांनी एकदम उलटायचे, म्हणजे कुणी कुणाचं बघून टाकणार नाही. “और काम समझ में ही न आए, तो ये,” असं म्हणत त्यांनी मला उंच धरलं. “आपके सामने ये पत्ता डालने में टीम डरे, तो टीम लीड के नाते आप फेल हैं.”

वर्गाने माना डोलावल्या. मला वाटलं, आता आपले दिवस आले.

कुठले येतात! चारही शनिवार मी रबराखालीच होतो. शेवटी मॅडमनी पाच संच प्रेरणाला दिले. ही प्रेरणा भिलाईच्याच रुआबांधा वस्तीतली. भिलाईतल्या एका छोट्या कंपनीने तिला या वर्गाला पाठवलं होतं. तिच्याकडे प्रथमच टीम येणार होती, पण एका अटीवर. पहिलं काम नीट पार पडलं तर टीम तिची, नाहीतर रूपेशची. रूपेश त्या ऑफिसात आठ वर्षांपासून होता.

काम होतं जवळच्या रसमड़ा गावातल्या एका कारखान्याचं. ट्रक फाटकावर आला की त्याचं वजन व्हायचं, जाताना पुन्हा व्हायचं, आणि संगणकाने पावती काढायची. अडचण एकच होती. अर्धाच माल उतरवून उरलेला घेऊन बाहेर पडणाऱ्या ट्रकच्या पावतीवर कोणतं वजन लिहायचं? कारखान्याच्या मॅनेजरने ते प्रेरणाला फोनवर भरभर सांगितलं. मी टेबलावरच होतो. तिची वही कोरी राहिली. तरी ती म्हणाली, “जी सर, समझ गई.”

तेव्हाच मला ओरडावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी गौरवच्या संचात होतो. गौरव त्या टीममध्ये नवा, सहाच महिने झालेला. प्रेरणाने अर्ध्या ट्रकचं काम वाचून दाखवलं. गौरवचा अंगठा माझ्यावर आला. मी श्वास रोखून धरला. पण त्याने आधी रूपेशकडे बघितलं. रूपेशने तीनचा पत्ता काढलाय हे दुरूनही दिसत होतं, तो आपला पत्ता कधी लपवायचाच नाही. गौरवने मला सोडलं आणि तीन ठेवला. सगळ्यांनी एकदम उलटले. तीन, तीन, तीन, तीन. “देखा, सब एकमत!” रूपेश म्हणाला. पत्ते पालथे ठेवण्याची एवढी खटपट मग कशासाठी, हे विचारायला मला तोंड नव्हतं, आणि ज्यांना तोंड होतं ते चहाला गेले.

दोन आठवड्यांनी कारखान्याच्या फाटकावर चाचणी झाली. पहिलाच अर्धा भरलेला ट्रक वजनकाट्यावर अडकला. पावती निघेना. मागे ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. मॅनेजरने कंपनीच्या मालकाला फोन केला, आणि मालकाने प्रेरणाला बजावलं की पुढच्या बैठकीला ते स्वतः बसणार.

संध्याकाळी घरी तिने आम्हा सगळ्यांना दिवाणावर ओतलं. आयुष्यभर कारखान्यात राबलेले तिचे वडील धोंडबा जवळच बसले होते. त्यांनी नेमकं मलाच उचललं.

“हे काय व्हय, बेटा?”

“समजलं नाही तर हा टाकाचा, बाबा. पन कोनीच टाकत नाही.”

धोंडबा मला उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “मी बी नसता टाकला. माह्यासंग कामाले होता त्या नत्थूची बोटं कशी गेली, मालूम हाय तुले?”

“मशीन खराब होती ना?”

“सारे तसंच म्हनतात. मशीन चांगली होती.” त्यांचा आवाज बारीक झाला. “नवी आली होती आमच्या कारखान्यात. साहेबानं दोन बटनं दाखवले, फटाफट बोलला, अन् विचारलं, ‘समझे?’ मले काईच समजलं नोतं. पन सारे उभे होते ना तिथं. मी म्हनलं, ‘जी साब.’ मंग दाबलं मी दुसरंच. नत्थूचा हात आत होता.”

“बाबा, कावून नाही सांगितलं कधी?”

“कोनाले सांगू? विहारात दर इतवारी भेटते तो. जय भीम घालते. मी त्याच्या हाताकडे पायतच नाही.”

प्रेरणाने बाकीचे पत्ते गोळा करून रबर लावलं. मग तिने मला धोंडबांच्या हातातून घेऊन वेगळं ठेवलं आणि माझ्या जागी गौरवच्या संचात स्वतःच्या संचातलं प्रश्नचिन्ह घातलं.

बैठकीला मालक खुर्ची ओढून बसले. प्रेरणाने सगळ्यांच्या आधी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, उताणं. “आधे ट्रक वाली बात मुझे ही समझ में नहीं आई थी. फ़ोन पर मैंने हाँ कह दिया. ग़लती वहीं से शुरू हुई.”

जन्मात पहिल्यांदा मी टेबलावर होतो. मला वाटलं, आता सगळे आपापलं प्रश्नचिन्ह काढतील. चौघांपैकी एकानेही काढलं नाही. गौरव बुटांकडे बघत होता. मालक म्हणाले, “लीड को ही नहीं समझा, तो टीम क्या करेगी?” आणि टीम रूपेशला दिली. खरं बोलण्याची ही बक्षिसी! माझी शाई संतापाने फुटायचीच बाकी होती.

रूपेशने पहिलं काम काय केलं असेल? चौघांच्याही संचांतली प्रश्नचिन्हं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझे सगळे भाऊ गेले. मी वाचलो, कारण प्रेरणाने मला घरी आणलं होतं. धोंडबांनी मला मागून घेतलं.

परवा ती ऑफिसातून आली आणि चप्पल न काढताच सांगू लागली. रूपेशने नवं काम वाचलं, सगळ्यांनी पत्ते उलटले. पाच, पाच, पाच. गौरवने मात्र पाचच्या पत्त्यावरचा आकडा खोडून तिथे पेनाने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. रूपेश बघतच राहिला. गौरव प्रेरणाकडे बोट दाखवून म्हणाला, “दीदी ने डाला था, तो मैंने भी डाला.” सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. टीम काही तिला परत मिळाली नाही.

मी तिथे नव्हतो. याचं मला फार वाईट वाटतं, आणि वाटतही नाही.

आज रविवार आहे. धोंडबांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलंय. तसं ते दर रविवारी घालतात आणि तसंच परत आणतात. विहारातली वंदना संपली आहे. नत्थू शेजारी येऊन बसलाय, गुडघ्याचं दुखणं सांगतोय. धोंडबांचा हात खिशाशी आलाय. कापडातून मला त्यांची बोटं जाणवतायत, पाचच्या पाच.

धोंडबा, टीम जाईल हे दिसत असूनही तुमच्या पोरीने मला टेबलावर टाकलं. आता तुम्ही नत्थूसमोर काढा मला बाहेर.