अभय बुधवारी येणार होता

कॉम्प्युटर बदलायचा दिवस मी बुधवार ठरवला. अभय म्हणाला, "सोमवारीच करून टाकू ना काकू." मी म्हटलं, सोमवारी नाही, मंगळवारी नाही आणि गुरुवारी तर नाहीच नाही. त्याला वाटलं असेल, म्हातारी आता लॅपटॉपही पंचांग बघून उघडते. वाटू दे. त्या वारी आमच्याकडे मासे होत नाहीत, आणि अभयला मासे खाऊ घातल्याशिवाय मी कधी परत पाठवलेलं नाही.

हा अभय लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर वाढला. कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि पहिला हात साफ केला तो आमच्या मशीनवर. तेव्हा विंडोज बदलायची म्हणजे अख्खा दिवस जायचा. सकाळी हा सीडींचं पाकीट घेऊन यायचा, मशीनचं झाकण काढून ते जमिनीवर आडवं टाकायचा, आणि मग स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत बसायची. तेवढ्यात हा आमच्याकडे जेवायचा, आमच्या ह्यांच्याबरोबर कॅरम खेळायचा आणि दुपारी चटईवर खुशाल घोरायचा. संध्याकाळी चहा पिऊन म्हणायचा, "झालं काकू, आता पळेल." दोन वर्षांत मशीन परत रांगायला लागायचं आणि हा परत यायचा. मला त्या विंडोजचा कधी राग आला नाही.

आता अभयचं दादरला ऑफिस आहे, हाताखाली माणसं आहेत. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला आणि मी एकोणिसाव्या मजल्यावर आले. नवी विटी, नवं राज्य. चाळीत दार बंद दिसलं तर लोक विचारायचे, बरं नाही का? इथे दार उघडं दिसलं की वॉचमन विचारायला येतो. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा सौमित्र डब्लिनला असतो, रविवारी फोन करतो. जुन्या मशीनवर बँकेचं पान उघडेना, त्याला नवी विंडोज चढेना, म्हणून नवा लॅपटॉप त्यानेच घरपोच पाठवला. "अभयला सांगितलंय," म्हणाला, "जुन्यातलं सगळं नव्यात टाकून देईल."

खरं सांगायचं तर जुन्यातलं नव्यात गेलं काय नि न गेलं काय, मला त्याचं फारसं पडलेलं नव्हतं. मला समोर बसून जेवणारं माणूस हवं होतं. एकटीने जेवताना मी ताटही घेत नाही हल्ली, पातेल्यातच चमचा घालते. हे सौमित्रला सांगितलं असतं तर त्याने एखादं मशीन पाठवलं असतं.

तर बुधवारी सकाळी बाजारात गेले. आमची नलू कोळीण मला ओळखून आहे. मी आले की ती विचारत नाही, दोन बांगडे पुढे सरकवते. त्या दिवशी मी सुरमईवर बोट ठेवलं तशी कोयता हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"पाव्हणे?"

"हो."

"मुलगा आला?"

"मुलासारखाच आहे," मी म्हटलं आणि तुकड्या जाड ठेवायला सांगितल्या.

सुरमई तळली, कोलंबीचं सुकं केलं, सोलकढी केली. ह्यांच्या मागे माळ्यावर गेलेला कॅरमसुद्धा वॉचमनकडून काढून घेऊन पुसून ठेवला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. दोन ताटं मांडली आणि लिफ्टचा आवाज ऐकत बसले.

लिफ्ट नाही वाजली, फोन वाजला.

"काकू, दोन्ही मशीन चालू करा. वाय-फाय आहे ना? मी एक लिंक पाठवलीये, ती दोन्हीकडे उघडा आणि स्क्रीनवर नंबर येईल तो मला पाठवा."

"म्हणजे? तू येणार नाहीस?"

"यायची गरजच नाही काकू. हल्ली सगळं रिमोटवर होतं. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी इकडून होईल. आराम करा तुम्ही."

माझ्या तोंडाला पानं पुसून त्याने फोन ठेवला. आला राग, तो मी बिचाऱ्या सोलकढीच्या पातेल्यावर काढला, झाकण आदळून. मग मुकाट्याने नंबर पाठवले.

थोड्या वेळाने नव्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप हलला.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात माझा जन्म गेला. वायरच्या त्या टोकाला कोणी आहे की नाही, ते मला नुसत्या श्वासावरून कळायचं. पण ह्या बाणाला श्वास नव्हता. तो झरझर फिरत होता, खिडक्या उघडत होता, मिटत होता. जुन्या मशीनवर ह्यांची फोल्डरं एकेक करून निळी होत होती: भजनी मंडळ, चाळ कमिटी, गावचे फोटो. घरात कोणीतरी वावरत होतं आणि घरात कोणी नव्हतं. मी हात लावून बघावं म्हणून माउस जरा हलवला.

बाण थबकला. एक पांढरी खिडकी उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली, हल्ली सगळे लिहितात तसलं इंग्रजी अक्षरांतलं मराठी: काकू प्लीज माउसला हात लावू नका.

मी खाली टाइप केलं: बरं. आणि मग राहवेना म्हणून: जेवलास का?

मग उत्तर आलं: काकू मी अभय सर नाही. मी रश्मी. सर दुसऱ्या क्लायंटकडे गेलेत.

घ्या. म्हणजे मघापासून मी ज्याच्यावर मनातल्या मनात रुसून बसले होते, तो तिथेही नव्हता. हसावं की रडावं कळेना. पण माणूस तर होतं. मी विचारलं, दादरच्या ऑफिसात बसतेस का? डोक्यात लगेच हिशेब सुरू. दादर ते लालबाग, टॅक्सीने कितीसं ते. सुरमई अजून गरम होती.

नाही काकू, घरून काम करते. कुडाळला. पिंगुळी.

माझं सासर नेरूर. पिंगुळीच्या शेजारचं! तिकडच्या घराला आमचं कुलूप आहे. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून अख्खा गाव गिरणीत कामाला मुंबईला आला, आणि आता मुंबईतली कामं तिकडच्या पोरी घरात बसून करतात. माझी बोटं आपसूक मालवणीवर गेली.

काय गो, जेवलंस काय?

नाय अजून. आय मुंबयक गेली दादाकडे. मी एकटीच आसंय.

मगे काय खातलंस?

मॅगी.

मी लिहिलं, इसवण तळलंय, कोलंबी आसा, सोलकढी आसा. सुरमईला आमच्याकडे इसवणच म्हणतात. तिने लिहिलं, काकू असा करू नका, माका भूक लागली. मी एकटीच मोठ्याने हसले. आपला आवाज ह्या घरात इतका मोठा येतो हे मला माहीत नव्हतं.

पट्टी संपली. अभयच्या वेळची पट्टी नव्हे ही, सुरमई नीट गार व्हायच्या आत पोचली टोकाला. रश्मीने लिहिलं, काकू सगळा इला. एकदा तपासून घेवा, तुमी ओके म्हटलास की मी बंद करतंय.

ओके म्हटलं की ती जाणार. मग मी कशाला लवकर ओके म्हणते? मी तपासायला बसले. बँकेचे सरकारी हिशेब तपासल्यासारखं एकेक कागद उघडून. चाळ कमिटीच्या नोटिसा उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसती किडामुंगी! ह्यांचा जुना मराठी फाँट नव्यात नव्हता. मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला, चला, काम निघालं. पण पोर हुशार. कुठूनसा तो फाँट जुन्यातून काढून नव्यात बसवला आणि डोळ्यांदेखत अक्षरं सरळ झाली: सर्व भाडेकरूंना कळविण्यात येते की. खाली ह्यांचं नाव, सीताराम.

मग मी फोटो उघडले. गॅलरीत वाळणारी गोधडी. सौमित्रची मुंज. चटईवर आडवा पडलेला, तोंड उघडं टाकलेला अभय. ह्या फोटोवर बाण थांबला.

हे सर?

हो. आणि उजवीकडे, पखवाज घेऊन बसलेत, ते काका.

बरे दिसतत.

तीन वर्षांत घरात कोणी ह्यांचा विषय काढला नव्हता. मी फोटो पुढे सरकवत राहिले. नेरूरची जत्रा, विहीर, पडवी. ती म्हणाली, ह्या घर माका म्हायत आसा, शाळेच्या वाटेर. आमी तुमच्या आंब्याचे आंबे पाडलंव. मी लिहिलं, खुशाल पाडा गो, खातलो कोण दुसरो. ते लिहिताना डोळे भरून आले, आणि एकटीच होते म्हणून पुसलेही नाहीत.

बराच वेळ झाला असावा. रश्मीने लिहिलं, काकू माका आता बंद करूक व्हया. दुसरो कॉल आसा, सर वेळ बघतत. काय रवला असात तर आताच सांगा.

काय राहिलं होतं? सगळं आलं होतं. मी लिहिलं: रवला. तू जेवची रवलंस.

मग अक्षरं आली, एकेक करून, थांबत थांबत: तुमी गावाक येवा काकू.

येतंय, मी लिहिलं. दोघींनाही ठाऊक होतं की मी काही जात नाही. गुडघे, कुलूप, आणि तिथे तरी कोण आहे. मग मीच म्हटलं: ओके. एक छोटी पाटी आली, सेशन संपलं म्हणून, आणि तीही गेली. ती पांढरी खिडकी तेवढी उघडी राहिली.

मी उठून एक ताट उचलून ठेवलं आणि दुसरं वाढून घेऊन लॅपटॉपपुढे येऊन बसले. चमच्याने नाही, नीट हाताने जेवले. जेवून हात धुतले, पुसले, आणि त्या पांढऱ्या खिडकीत, आमच्या सगळ्या बोलण्याच्या खाली, लिहिलं: इसवण बरा झालेला गो. मीठ मात्र वायच कमी.

मग माउसवरचा हात काढून घेतला, आणि बाण हलतो का ते बघत बसले.