मोरचुदाचा सूड

मित्रांनो, माझ्या निळ्या रंगाला भुलून मला हातात घेऊ नका. मी मोरचुदाचा एक जुना खडा आहे. माझ्या अंगात विष आहे आणि एका माणसाविषयीचा राग अजून निवलेला नाही.

तांबे आणि गंधकाचे आम्ल यांपासून मी कारखान्यात तयार झालो. सन १९३० च्या सुमारास मी सांगोल्याच्या बाजारात आलो. तिथे अंबुबाईने मला विकत घेतले. आदल्या साली तिच्या ज्वारीला काणी लागली होती. कणसांत दाण्यांऐवजी काळी भुकटी भरली होती.

शेतकी खात्याच्या माणसाने चावडीपुढे माझा एक तुकडा पाण्यात विरघळवून दाखवला. "पेरणीआधी बी यात भिजवा आणि सावलीत वाळवा. हात धुवा. उरलेलं पाणी खड्ड्यात पुरा, जनावराच्या तोंडी लागू देऊ नका," असे त्याने सांगितले. मग त्याने माझ्या पाण्यात विळा बुडवला. बाहेर काढला तेव्हा पाते तांबूस झाले होते. "लोखंडावर याचं तांबं चढतं. म्हणून भांडं मातीचंच घ्या."

अंबुबाईने तसेच केले. त्या साली तिची कणसे मोत्यांसारखी भरली. बांधापलीकडे तिचा चुलत दीर श्रीमंत याने मला हसण्यावारी नेले होते. त्याचे शेत काळे पडले. लोक अंबुबाईची ज्वारी पाहायला येत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

श्रीमंतला ते सोसले नाही.

पुढच्या पेरणीला अंबुबाईने पुन्हा बी भिजवले. उरलेले पाणी रांजणात झाकून ती मागे खड्डा खणायला गेली. मी चिंधीत बांधून वळचणीला टांगलेला होतो. तेवढ्यात श्रीमंत आला. रांजणातले पाणी त्याने आपल्या लोखंडी बादलीत घेतले आणि अंबुबाईच्या मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत ओतले. मला ओरडता येत नव्हते.

माळावरून तहानलेली मेंढरे आली, पाणी प्याली आणि तडफडून मेली.

गाव जमला. सगळ्यांत मोठा आवाज श्रीमंतचा होता. "मी म्हनलं व्हतं की! ह्यो मोरचूदच इखारी हाय. वयनीनंच सांडला आसंल."

अंबुबाईचा नवरा गुंडा संतापला आणि त्याने मला उकिरड्यावर भिरकावले. मी काणी मारायला आलो होतो. त्या माणसाने मला मुक्या जिवांचा मारेकरी केले. तिथे पडल्या पडल्या मी सुडाची वाट पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत भल्या माणसाचा आव आणून डोण धुवायला पाणी घेऊन आला. त्याने बादली रिकामी केली. आतून ती तांबडी दिसत होती. ते माझेच काम होते!

अंबुबाईने बादली हिसकावली. "भावजी, लोखंडाला तांबं कुटनं चढलं?"

"गंज हाय त्यो."

तिने रांजणाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात विळा बुडवला आणि बादलीशेजारी धरला. रंग तोच होता. म्हातारे तात्याबा पुढे झाले. "श्रीमंत, खरं बोल."

श्रीमंतची मान खाली गेली. पंचांनी त्याच्या कळपातली मेंढरे अंबुबाईला देववली. तिने मला उकिरड्यावरून उचलून मडक्यात जपून ठेवले. तरी माझे समाधान झाले नव्हते.

त्या साली श्रीमंतच्या ज्वारीत पुन्हा काणी माजली. पुढची पेरणी आली, तेव्हा बाजारातला मोरचूद संपला होता. तो अंबुबाईच्या दारात आला.

"वयनी, चुकलं माजं. वाईच मोरचूद द्या की."

"माजी मेंढरं जिती करून आना, मग देते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या हंगामातही त्याची कणसे काळी झाली. मला आनंद झाला, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

मला पोराबाळांपासून आणि जनावरांपासून दूर, कुलपात ठेवा. माझ्या मडक्यावर नाव लिहा. उरलेले पाणी क्षणभरही उघड्यावर सोडू नका. पण श्रीमंतला क्षमा कर, असे मला सांगू नका. त्या डोणीला सगळ्यांत आधी तोंड लावले, ते अंबुबाईने वाटीवाटीने दूध पाजून जगवलेल्या कोकराने.