माझी शिट्टी कुणी तोडली?

मित्रांनो, जुना म्हणा, खटारा म्हणा. मी कॉम्प्युटर आहे आणि अजून मेलेलो नाही. तेव्हा माझ्याकडे बघून सुतकी चेहरे करू नका.

एका दुकानाच्या माळ्यावर, दातांत स्क्रू धरून बसलेल्या कारागिराने सुटे भाग जोडून मला उभे केले. घरी आलो तेव्हा काय ते कौतुक! आत्या तर माझ्यासमोर हळू आवाजात बोलायची. पुढे दादाने लॅपटॉप घेतला आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आला. मला विचारणारी एकटी ताई उरली. नोकरी सांभाळून तिने माझ्यावर मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढायला घेतले. शेवटचे पान राहिले आणि एका सकाळी माझा पडदा काळा पडला. संध्याकाळपर्यंत पुस्तक छापखान्यात पोहोचवायचे होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी गप्प बसलो का? छे! लांबलचक शिट्ट्या मारून सांगत होतो, आतली रॅमची पट्टी सैल झाली आहे म्हणून.

"काय भोंगा लावलाय सकाळपासून!" दादा करवादला. त्याने माझे झाकण उघडले आणि शिट्टीची वायरच उपटली. "झालं शांत. संपला हा. भंगारवाल्याला बोलावतो."

ताईचे डोळे भरले. तेवढ्यात ओले हात पुसत आई आली.

"अरे शहाण्या, रडत्या पोराच्या तोंडात बोळा कोंबलास आणि म्हणतोस शांत झालं? जोड ती वायर!"

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय तुला कधीच नव्हती."

दादाने वायर जोडली. मी पुन्हा गळा काढला. या वेळी ताईने कान देऊन ऐकले आणि मोबाइलवर शोधले. "लांब शिट्ट्या म्हणजे रॅम!" तिने आधी माझा प्लग काढला. मग पट्टी उपसून तिची मळकट सोनेरी कड खोडरबराने हलकेच घासली, भुगा झटकला आणि दोन्ही टोके खट् वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवली. प्लग लावताच मी एकच छोटी शिट्टी दिली आणि पडदा उजळला.

"नशीब!" दादा म्हणाला.

"नशीब कसलं? खोडरबर!" आई म्हणाली.

ताईने आधी पुस्तकाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मगच पान पूर्ण केले. मला त्याचा राग नाही. पुस्तक माझ्या पोटात असले तरी मेहनत तिची होती. दिवेलागणीला पुस्तक छापखान्यात गेले.

मित्रांनो, तुमची कीव मला नको. माझ्यातली धूळ झाडा, कामाची दुसरी प्रत ठेवा, हात घालण्याआधी प्लग काढा. आणि कुणी जीव तोडून ओरडत असेल, तर त्याचे तोंड बांधण्याआधी त्याला काय हवे ते विचारा. आता सरका बाजूला. ताई नव्या पुस्तकाला बसली आहे.