बैलबाजारातल्या उड्या

त्या वर्षी पावसानं दोनदा दगा दिला आणि दिवाळी उलटली तरी मूर्तिजापुरातली जिनिंग काही सुरू झाली नाही. कापूसच आला नाही, तर गाठी कशाच्या बांधणार? आवारातले ओटे ओस पडले. मग राखणदार पुंजाजीनं बडनेऱ्याच्या ललितला तिथं दर रविवारी पोरं शिकवायची मुभा दिली. ललित पुण्यात राहून पार्कुर शिकून आला होता: वाटेत भिंत, कठडा, ओटा काहीही येवो, ते ओलांडून धावत पुढं जायचं.

बिल्कीस लेकीला, अलीझाला, तिथं सोडायला येई. नवरा जहीर ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिचं घरचं शिवणकामही थंडावलं होतं. सणालासुद्धा कुणी नवे कपडे टाकेना. ओट्यावर बसून बसून जीव विटला, तेव्हा एके दिवशी तिनं विचारलं, "ललितभाऊ, माह्या वयाच्या बाईले जमते का हे?"

"वय काय तुमचं, आपा?"

"चौतीस."

"मंग या इकडे. पयले उतराचं शिकू."

ओटा गुडघ्याएवढाच. चवड्यांवर उतरायचं, गुडघे मऊ ठेवायचे, आवाज होऊ द्यायचा नाही. बिल्कीस धपकन आदळली. पोरं हसली. ती पुन्हा चढली. मग लोळण आली. "मनक्यावर नाई, आपा. एका खांद्यावरून तिरपं, दुसऱ्या बाजूच्या कमरेवर या," ललित सांगे. ओढणी कमरेला गच्च खोचून ती धुळीत लोळली, उठली, परत लोळली. रात्री अंग ठणकलं. पण अशी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

"कोलांट्या कधी शिकवता?" अलीझाचं टुमणं चालू असे.

"ते फ्रीरनिंग. त्यात आपली हौस चालते. पार्कुर म्हनजे इथून तिथं धड पोचनं. आधी पोचाले शिक."

जहीरचा थोरला भाऊ गुलफाम. त्याच्या कानावर हे गेलं आणि तो तडक घरी आला. "घरात मर्द नाई म्हणून भिंती चढून राहिली का?"

"मर्द असता तरी चढली असती, भाईजान."

गुलफामनं जहीरला फोन लावला, जहीरनं बिल्कीसला. "भाईजान नाराज हायेत. सोडून दे न."

"काहून?"

"लागलं म्हनजे?"

"लागन तर मले लागन."

मग जहीर म्हणाला, "गुडघ्याले पट्टी बांधत जाय."

गुलफाम तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं जिनिंगच्या मालकाला गाठलं. पुढच्या रविवारी फाटकाला कुलूप होतं आणि पुंजाजी मान खाली घालून उभा होता. "मालकाचा हुकूम हाय बाई," एवढंच तो म्हणाला.

"आज वापस जाऊ," ललित म्हणाला.

"वापस काहून? बैलबाजार मोकळा हाय."

चाऱ्याअभावी लोकांनी दिवाळीआधीच जनावरं विकून टाकली होती. आता बैलबाजारात पाणी पाजायचे कोरडे हौद आणि कमरेएवढ्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. पण समोर चहाच्या टपऱ्या, बाजूला ऑटोवाले.

"सारं गाव पाहीन, आपा."

"पाहू दे."

तिनं आधी भिंतीवरून हात फिरवला, सैल दगड हलवून पाहिला, पलीकडची खडी पायानं बाजूला सारली. मग धावत आली, हात टेकला, दोन्ही पाय एका बाजूनं काढले आणि पलीकडं उतरली. टपरीवरून कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या खेपेला नडगी सोलवटली. ती रक्त पुसून तिसऱ्यांदा धावली. शिट्टी काही परत वाजली नाही.

तेवढ्यात गुलफाम स्कूटरवर आला. "चाल घरी."

"तास संपला की येते."

"बिरादरीत तोंड दाखवाले जागा ठेवनार नाई का तू?"

"तुमचं तोंड तुमच्यापाशी, भाईजान. माहे पाय माह्यापाशी."

त्यानं अलीझाचा हात धरला. अलीझानं तो हळूच सोडवून घेतला आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली. गुलफामनं स्कूटर वळवली.

त्यानंतर त्यानं या घरची पायरी चढणं सोडलं. बिल्कीसला ते लागलं. निकाह होऊन आल्यापासून तिनं त्याला सख्ख्या भावासारखं मानलं होतं. तरी रविवार एकही चुकला नाही. जिनिंगमध्ये कामाला असलेली पंचफुला काही दिवस लांबूनच बघत होती, मग पदर खोचून तीही यायला लागली.

रमजान ईदला बिल्कीसनं शीरखुर्म्याचा डबा अलीझाच्या हाती गुलफामच्या घरी धाडला. डबा भरलेलाच परत आला.

तिनं तो तसाच बैलबाजारात नेला. हौदाच्या काठावर बसून पंचफुला, अलीझा आणि ती, तिघींनी खाल्ला.

"भरल्या पोटी उडी नाई माराची. तासभर थांबा लागन," ललित म्हणाला आणि त्यानंही वाटी पुढं केली.

"थांबू," बिल्कीस म्हणाली. "आमाले कोनती घाई हाय?"