हसीनाबींची जास्वंद आणि पावडरची डबी

मी एक जुनी डबी आहे. छाटलेल्या फांदीला मुळे फुटावीत म्हणून जी पांढरी पावडर लावतात, ती माझ्या पोटात असे. मित्रांनो, असे काही असते हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? नसेलच. तुम्हाला फुले तेवढी दिसतात.

कारखान्यात माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत सूचना छापल्या गेल्या. त्या आजवर एकाही माणसाने वाचलेल्या नाहीत. दोंडाईचाच्या बियाण्यांच्या दुकानातून हसीबने मला घरी आणले, तेव्हा वाटले होते, नशीब उघडले. कसले काय!

हसीबची आई हसीनाबी. त्यांच्या दारातली लाल जास्वंद त्यांच्या नवऱ्याने, हाशमभाईंनी लावलेली. हाशमभाई गेले, तरी शेजारच्या प्रमिलाबाई रोज तिची फुले गणपतीला नेत. आता रस्ता रुंद होणार होता आणि झाड त्यात जाणार होते. हाशमभाईंच्या हातचे जिवंत असे तेवढेच उरले होते. एक तरी फांदी जगावी म्हणून हसीनाबींचा जीव टांगणीला लागला होता.

आणि हे काम कोणाकडे? हसीबकडे. त्या शहाण्याने ओल्या फांद्या थेट माझ्यात खुपसल्या. मिरचीला भज्याचे पीठ थापावे तशी पावडर थापली. माझ्या पोटात गोळे झाले, फांद्यांची बुडे काळी पडली. वर हा रोज त्या उपटून पाहायचा, मुळे आली का म्हणून! शेवटी पावडरच बोगस आहे असे सांगून मोकळा झाला.

प्रमिलाबाईंची तऱ्हा वेगळीच. लावायच्या फांदीवरच्या कळ्या खुडायच्या असतात, नाहीतर सगळी ताकद फूलच खाते. दुकानदाराने तसे बजावले होते. पुन्हा नवी फांदी लावताना हसीबचा हात कळीकडे गेला, तोच त्या म्हणाल्या, "कळी नको तोडू रे भाऊ, पाप लागस."

देवासाठी उमललेले फूल तोडायचे, कळी कधीच मोडायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. झाले! ऐन चतुर्थीला त्या फांदीवर फूल उमलले आणि दोन्ही घरांनी मला डोक्यावर घेतले. फूल गणपतीला गेले. थोड्याच दिवसांत फांदीची काडी झाली. मुळाचा पत्ता नसताना फुलावर भाळणारी ही माणसे! मला त्यांचा तिटकारा आला.

मग जेसीबी आला. झाड आडवे झाले. हसीनाबी ओट्यावर बसून नुसत्या पाहत होत्या, रडल्यासुद्धा नाहीत. प्रमिलाबाई ढिगाऱ्यात उतरल्या. कळ्यांनी भरलेली एक फांदी ओढून त्या हसीनाबींजवळ येऊन बसल्या आणि एकेक कळी स्वतःच्या नखाने खुडू लागल्या.

"गणपतीले मी सांगसु," त्या म्हणाल्या.

माझ्यातली उरलीसुरली कोरडी चिमूट त्यांनी कागदावर काढली, फांदीच्या बुडाला लावली, जास्तीची झटकली. मला पहिल्यांदाच कोणी नीट वागवले. फांदी रंगाच्या जुन्या बादलीत लावली आणि या वेळी कोणी उपटून पाहिले नाही.

आता माझ्यात हसीनाबींच्या सुया असतात. बादलीतल्या फांदीला नवी पाने आली आणि परवा एक कळी दिसली. हसीनाबी घाईघाईने ती खुडायला गेल्या, तर प्रमिलाबाईंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे अक्का. आते तिना पाय मातीमा शेतस." खरेच, आता तिचे पाय मातीत होते, मुळे धरली होती.

मित्रांनो, माणसांना अक्कल येते, पण त्यासाठी आधी झाड पडावे लागते. तुमच्या दारातले अजून उभे असेल, तर माझ्यासारखीच्या पाठीवरच्या सूचना एकदा वाचा.